चार्ली चॅनचं कुटुंब: जुन्या चित्रपटांतून वंशावळ जुळवताना

चार्ली चॅन हा जुन्या अमेरिकी चित्रपटांतला काल्पनिक चिनी डिटेक्टिव्ह, भरपूर मुलंबाळं असलेला. चाहत्यांनी काढलेले त्याच्या कुटुंबाचे बरेच तक्ते एकाच कारणाने फसतात. आधी वंशवृक्ष काढलेला असतो आणि मग एकेक चित्रपट पाहून त्या झाडावर नावं टांगलेली असतात. बसत नाही ते नाव गळतं, रिकाम्या फांदीवर अंदाज चिकटतो. तक्ता सुबक दिसतो, पण चॅनच्या मुलांतला ‘टॉमी नेमका कितवा?’ एवढं कुणी विचारलं की अडतो.

हे काम उलट्या क्रमाने करायचं आहे. आधी पुरावा गोळा करायचा, मग त्याची छाननी, मग काळ लावायचा, आणि झाड अगदी शेवटी. आपल्याकडच्या इतिहास संशोधकांनी अस्सल कागद आणि बखर यांत जो फरक केला, तोच इथे धरा. पडद्यावर बोललेलं वाक्य हा अस्सल कागद. जाहिरातीतला मजकूर आणि चाहत्यांच्या याद्या ही बखर. बखर वाचावी जरूर, पण एकट्या तिच्या भरवशावर नातं नोंदवू नये.

टप्पा १: हद्द आखून घ्या

कोणते चित्रपट पुरावा म्हणून धरणार, हे पहिल्याच पानावर लिहा. होनोलुलूच्या पोलीस खात्यातला हा डिटेक्टिव्ह अर्ल डेर बिगर्स यांच्या कादंबऱ्यांतून आला. १९२५ ते १९३२ या काळात अशा सहा कादंबऱ्या निघाल्या. पण कादंबरीतलं घर वेगळं आणि पडद्यावरचं घर वेगळं. कादंबऱ्यांत थोरल्या मुलाचं नाव हेन्री, चित्रपटांत ली. दोघांना एकाच तक्त्यात कोंबलं की कुणाला तरी मधला करावं लागतं, आणि तसं म्हणायला कुठलाच आधार नाही. कादंबऱ्यांसाठी वेगळी वही करा.

पडद्यावरच्या मुख्य मालिकेत ४४ चित्रपट येतात. निर्मिती कंपनी (फॉक्स किंवा मोनोग्राम) आणि चॅनची भूमिका करणारा नट यांवरून त्यांचे चार गट पाडा:

- फॉक्स, वॉर्नर ओलंड: १६ चित्रपट, १९३१ पासून
- फॉक्स, सिडनी टोलर: ११ चित्रपट, १९३८ ते १९४२
- मोनोग्राम, सिडनी टोलर: ११ चित्रपट, १९४४ पासून
- मोनोग्राम, रोलंड विंटर्स: ६ चित्रपट, १९४७ ते १९४९

हे गट पुढे प्रत्येक टप्प्यावर लागणार आहेत, म्हणून चारांना चार रंग द्या. १९३१ च्या आधीही १९२६, १९२७ आणि १९२९ साली तीन चित्रपट झाले, तिन्हींत चॅनची भूमिका वेगवेगळ्या नटांनी केली. वंशावळीसाठी ते हद्दीबाहेर ठेवा.

एक चित्रपट मात्र बाहेरचा असूनही आत घ्यावा लागतो. १९३८ चा ‘मिस्टर मोटोज गॅम्बल’ सुरू झाला तो चॅनपट म्हणूनच, नंतर तो मोटो या दुसऱ्या डिटेक्टिव्हच्या मालिकेत वळवला गेला. त्यात कीय ल्यूक हे ली चॅन म्हणूनच दिसतात. लीच्या पानावर त्याची नोंद हवी, वेगळ्या शाईने.

*तपासा: आपल्या यादीत ४४ अधिक एक एवढीच नावं आहेत ना? जास्त असतील तर नंतरच्या काळातली टीव्ही मालिका किंवा व्यंगपट आत शिरला आहे.*

टप्पा २: प्रत हाताशी घ्या आणि प्रतीचा दाखला लिहा

४४ पैकी चार चित्रपट आज उपलब्ध नाहीत. ओलंड यांचे ‘चार्ली चॅन कॅरीज ऑन’ (१९३१), ‘चार्ली चॅन्स चान्स’ (१९३२), ‘चार्ली चॅन्स ग्रेटेस्ट केस’ (१९३३) आणि ‘चार्ली चॅन्स करेज’ (१९३४) हे ते चार. या चारांबद्दल कुठे कौटुंबिक तपशील वाचलात, तर तो कुणीतरी पटकथेवरून, कादंबरीवरून किंवा जाहिरातीवरून घेतलेला असणार. त्याला पडद्यावरचा पुरावा म्हणू नका.

पहिल्या हरवलेल्या चित्रपटाचं एक भावंड शिल्लक आहे. त्याच कथेवर त्याच काळात दुसरे नट घेऊन ‘एरान त्रेसे’ हा स्पॅनिश बोलपट काढला होता आणि तो टिकला. पाहावा, पण तो इंग्रजी चित्रपटाचं भाषांतर समजू नये. त्यातलं वाक्य इंग्रजीतही तसंच असेल याची खात्री नाही. चिठ्ठीवर ‘स्पॅनिश रूप’ असा शेरा हवाच.

आता प्रत्येक चित्रपटासाठी प्रतीचा दाखला: कुठल्या स्वरूपात पाहिली, एकूण लांबी किती, सुरुवातीची नामावली आहे की कापलेली. लांबी लिहिण्याला कारण आहे. भारतात आणि युरोपात खपलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडींवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी पळतात, त्यामुळे ७० मिनिटांचा चित्रपट साधारण ६७ मिनिटांत संपतो. तुम्ही लिहिलेलं ‘४० व्या मिनिटाला’ दुसऱ्याच्या प्रतीत ४२ व्या मिनिटाच्या आसपास सापडेल. दोघे मिळून काम करत असाल तर एकाच प्रतीवरून करा, नाहीतर वेळेच्या शेजारी प्रतीचं चिन्ह टाका.

सावधान: आपोआप उमटणारी उपशीर्षकं बंद ठेवा. त्यांत नावं हमखास चुकतात, आणि एकदा डोळ्याने वाचलेलं नाव कान पुन्हा नीट ऐकत नाही.

टप्पा ३: वही नको, चिठ्ठ्या करा

वहीत ओळीने लिहिलं की पहिल्या चित्रपटाचं मत दुसऱ्यावर सांडतं. म्हणून एक उल्लेख, एक चिठ्ठी. संगणकावर करायचं तर एक उल्लेख, एक ओळ. प्रत्येक चिठ्ठीवर एवढं हवं: चित्रपट, प्रत, वेळ, कोण बोललं, कुणाशी बोललं, शब्द जसेच्या तसे, आणि दर्जा.

दर्जा असा लावा. ‘अ’ म्हणजे कुटुंबातल्या माणसाने स्वतः सांगितलेलं. ‘ब’ म्हणजे बाहेरच्या पात्राने सांगितलेलं. ‘क’ म्हणजे फक्त नामावलीत छापलेलं. ‘ड’ म्हणजे पडद्याबाहेरचं. डिटेक्टिव्हच्या चित्रपटात ‘अ’ लासुद्धा एक अट लागते: बोलणारा त्या क्षणी खरं बोलतोय का? संशयितासमोर भोळेपणाचा आव आणून सांगितलेली घरची गोष्ट आणि मुलाशी एकांतात केलेलं बोलणं यांचं वजन सारखं नसतं. म्हणून तर ‘कुणाशी बोललं’ हा रकाना आहे. तो रिकामा ठेवलेल्या चिठ्ठ्या मी परत पाठवतो.

शब्द जसेच्या तसे, म्हणजे इंग्रजी उच्चारात. इथे आपण मराठी माणसं एक खास चूक करतो. पडद्यावर ‘अंकल’ ऐकू येतं आणि हात ‘काका’ लिहून मोकळा होतो. झालं, माणूस बापाच्या बाजूला गेला! तो मामा असू शकतो, मावशीचा नवरा असू शकतो, नुसता मानाने म्हटलेला शेजारी असू शकतो. ‘कझिन’चंही तेच. आपल्या भाषेला चुलत, मावस, मामे, आते असा खुलासा लागतो, त्या भाषेला लागत नाही, आणि आपल्या सवयीपोटी चित्रपटाने न सांगितलेली बाजू आपण ठरवून टाकतो. चिठ्ठीवर ‘अंकल’ असंच राहू द्या.

‘नंबर टू सन’ ऐकलं की ‘दुसरं अपत्य’ लिहू नका. तो मुलग्यांतला दुसरा. त्याच्या आधी, मध्ये, नंतर किती मुली झाल्या हे या तीन शब्दांतून कळत नाही. मुलांची एकूण संख्या आणि मुलग्यांचा क्रम या दोन वेगळ्या मोजण्या आहेत.

*तपासा: कुठल्याही दहा चिठ्ठ्या उचला. प्रत्येकीवरून तेच वाक्य दोन मिनिटांत पुन्हा सापडलं पाहिजे.*

टप्पा ४: प्रत्येक चित्रपट तीन वेळा

पहिल्यांदा नुसता पाहा, गुन्हा समजून घ्या. कोण खोटं बोलतंय हे माहीत झाल्याशिवाय दर्जा लावता येत नाही.

दुसऱ्यांदा फक्त ऐका. कुटुंबाचा प्रत्येक उल्लेख टिपा, विनोदात आलेलाही.

तिसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा. तारा, पत्रं, फोटो, टेबलावरच्या खुर्च्या. ‘चार्ली चॅन ॲट द सर्कस’ (१९३६) मध्ये चॅन बायकोला आणि बारा मुलांना घेऊन सर्कशीला जातो. वंशावळीसाठी एवढा भरलेला प्रसंग दुसरा नाही, आणि नेमक्या इथेच लोक घाई करतात. बारा हा आकडा त्या चित्रपटाचा आहे, त्या दिवसाचा आहे. तो मागे १९३१ पर्यंत नेऊ नका, पुढे १९४४ पर्यंतही नेऊ नका. मुलांचे चेहरे दुसऱ्या चित्रपटातल्या मुलांशी जुळवू नका. आणि आई पडद्यावर दिसली म्हणून तिच्या नावाचा रकाना अंदाजाने भरू नका. नाव कानावर पडेल तेव्हाच लिहायचं.

दिवसाला एकापेक्षा जास्त चित्रपट घेऊ नका. सलग तीन पाहिले की कुठला संवाद कशातला, हे रात्रीपर्यंत कालवून जातं.

टप्पा ५: नट वेगळा, पात्र वेगळं

सगळ्यात जास्त तक्ते इथे मोडतात. दोन स्वतंत्र याद्या करा, एक नटांची आणि एक पात्रांची. मग त्यांच्यामध्ये चित्रपटागणिक रेषा ओढा. रेषा एकमेकींना किती छेदतात हे पाहिलं की आपण कुठे घसरणार होतो ते दिसतं.

लेन टॉम ज्युनियर या बालनटाचं उदाहरण घ्या. ‘चार्ली चॅन ॲट द ऑलिंपिक्स’ (१९३७) मध्ये तो चार्ली चॅन ज्युनियर आहे, ‘चार्ली चॅन इन होनोलुलू’ (१९३८) मध्ये टॉमी, आणि ‘चार्ली चॅन्स मर्डर क्रूझ’ (१९४०) मध्ये विली. चेहरा एक, मुलं तीन. अनेक तक्त्यांत या तिघांचा एकच मुलगा झालेला असतो.

उलट बाजूने: ‘द जेड मास्क’ (१९४५) मधला चौथा मुलगा एडी हा एडविन ल्यूक यांनी केला, आणि ते लीची भूमिका करणाऱ्या कीय ल्यूक यांचे खरे भाऊ. चेहऱ्यातलं साम्य खऱ्या घरातून आलेलं आहे, चॅनच्या नाही. आणि ‘ब्लॅक मॅजिक’ (१९४४) मध्ये चॅनची मुलगी फ्रान्सिस ही फ्रान्सिस चॅन नावाच्याच अभिनेत्रीने केली आहे. नामावलीत ते नाव दोनदा दिसलं तर छपाईची चूक समजून एक खोडू नका.

नामावलीतली स्पेलिंग हाही सापळा आहे. चॅनचा दुसरा मुलगा जिमी याचं काम करणारे नट फॉक्सच्या चित्रपटांत ‘सेन युंग’ आहेत, मोनोग्रामच्या चित्रपटांत ‘व्हिक्टर सेन यंग’. माणूस एकच.

वयाचा हिशेब नटाच्या जन्मसालावरून करू नका. कीय ल्यूक यांचा जन्म जून १९०४ चा, विंटर्स यांचा नोव्हेंबर १९०४ चा. १९४८ आणि १९४९ मध्ये विंटर्स बाप आहेत आणि ल्यूक मुलगा. नटांच्या तारखा लावल्या तर थोरला मुलगा बापाहून पाच महिन्यांनी मोठा निघतो.

बापाच्या चेहऱ्यावरून तर काहीच काढू नका. ओलंड, टोलर, विंटर्स हे तिघेही गोरे नट, रंगभूषा करून चिनी माणूस झालेले. ओलंड यांचा जन्म स्वीडनचा. मुलगे मात्र चिनी वंशाच्या नटांनी केले, त्यांना रंगभूषेची सोंगं घ्यावी लागली नाहीत. म्हणूनच मला या मालिकेत बापापेक्षा मुलांची नोंद नीट व्हावी असं मनापासून वाटतं. त्या काळच्या अमेरिकी पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याने, अस्खलित अमेरिकी इंग्रजीत बोलणारी तरुण चिनी माणसं या फांद्यांवर आहेत. त्यांची नावं अदलाबदल करणं ही लहान चूक नाही.

*तपासा: तुमच्या यादीत कुठल्याही पात्राच्या पुढे ‘चेहऱ्यावरून ओळखला’ असा आधार आहे का? असेल तर ती ओळ काढा.*

टप्पा ६: काळाच्या तीन तारखा

प्रत्येक चित्रपटाला कथेचा काळ, चित्रीकरणाचा काळ आणि प्रदर्शनाची तारीख असते. वंशावळीला पहिली तारीख लागते, लोक वापरतात तिसरी.

कथेचा काळ पक्का सांगणारे चित्रपट थोडेच, पण ते मोलाचे. ‘ऑलिंपिक्स’ १९३७ मध्ये आला, कथा मात्र १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची. ली त्यात अमेरिकेच्या जलतरण संघात आहे, म्हणजे ऑगस्ट १९३६ मध्ये तो तरणाबांड आहे हे ठरलं. ‘सिटी इन डार्कनेस’ १९३९ चा, कथा पॅरिसमधली, १९३८ च्या म्युनिक पेचप्रसंगाच्या दिवसांतली. अशा चित्रपटांना खुंट्या माना. बाकीचे चित्रपट या खुंट्यांच्या मध्ये सैल दोरीने बांधा, ‘१९३५ ते १९३६ च्या सुमारास’ असं.

प्रदर्शनाची सालंही याद्यांमध्ये वर्षाने हलतात. ‘चार्ली चॅन ॲट मॉन्टे कार्लो’ काही ठिकाणी १९३७ चा म्हणून दिलेला असतो, काही ठिकाणी १९३८ चा. कुठली यादी धरली ते एकदा लिहा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

नोकरी आणि गावसुद्धा काळ सांगतात. फॉक्सच्या काळात चॅन होनोलुलूचा पोलीस आहे. मोनोग्रामच्या पहिल्याच ‘चार्ली चॅन इन द सीक्रेट सर्व्हिस’ (१९४४) मध्ये तो वॉशिंग्टनमध्ये सरकारी काम करतो. घर हललं की कोण बरोबर आलं आणि कोण मागे राहिलं, हा प्रश्न उभा राहतो. चित्रपट उत्तर देत नसेल तर उत्तर लिहू नका.

टप्पा ७: गाठी सोडवा, पण ओढू नका

आता चिठ्ठ्या पात्रागणिक लावा. बहुतेक ढीग सरळ जातील. ली ‘चार्ली चॅन इन पॅरिस’ (१९३५) मध्ये पहिल्यांदा येतो आणि ‘द फेदर्ड सर्पंट’ (१९४८) व ‘द स्काय ड्रॅगन’ (१९४९) मध्ये परततो, तिन्ही वेळा कीय ल्यूकच. जिमीला ‘होनोलुलू’त सुरुवात होते. त्याच चित्रपटात चॅन नातवंडाच्या जन्माची वाट पाहतो आहे, मुलगी लिंग आणि जावई विंग फू यांच्या. तिसऱ्या पिढीचा पुरावा तो हाच, आणि तो मुलीच्या बाजूचा आहे.

राहतो टॉमी. त्याचा ढीग असा दिसतो:

१९३८ च्या ‘होनोलुलू’त टॉमी लहान मुलगा आहे. १९४४ पासून मोनोग्रामच्या सहा चित्रपटांत बेन्सन फॉंग हे टॉमी आहेत, तिसरा मुलगा, बापाबरोबर तपासात उतरणारा तरुण. १९४६ च्या तीन चित्रपटांत व्हिक्टर सेन यंग पुन्हा जिमी म्हणून आले. आणि १९४७ च्या ‘द चायनीज रिंग’पासून, बाप बदलल्यावर, तेच सेन यंग टॉमी या नावाने वावरू लागले, पाच चित्रपट. त्यांतल्या ‘फेदर्ड सर्पंट’मध्ये ली आणि टॉमी दोघे भाऊ एकत्र आहेत.

तीन सोडवणुकी मला नेहमी दाखवल्या जातात. पहिली: सगळे टॉमी एकच. वय आडवं येतं, १९३८ चं पोर १९४४ मध्ये फॉंग यांच्याएवढं होत नाही. दुसरी: जिमीने १९४६ आणि १९४७ च्या मध्ये नाव बदललं. ही नटाच्या चेहऱ्यावरून काढलेली कथा आहे, टप्पा ५ मध्ये आपण तिला बंदी घातली. तिसरी: एका घरात एकाच नावाचे दोन-तीन भाऊ. असं कुठलंही पात्र कुठेही म्हणत नाही तोवर ती आपली कल्पना.

माझी पद्धत अशी. तीन वेगळे चौकोन काढायचे: टॉमी फॉक्स, टॉमी मोनोग्राम-टोलर, टॉमी मोनोग्राम-विंटर्स. शेवटचे दोन पेन्सिलीच्या फिकट रेषेने जोडायचे, कारण कंपनी एक, मालिका सलग आणि वय जुळतं. पहिला एकटा राहू द्यायचा. गाठ सुटली नाही तरी ती कुठे आहे हे पाहणाऱ्याला दिसतं, आणि उद्या कुणाला एखादं वाक्य सापडलं तर त्याला जागा तयार असते.

सावधान: विसंगती ‘चित्रपटवाल्यांची चूक’ म्हणून चिठ्ठीवरून पुसू नका. चूक असली तरी ती पुराव्याचा भाग आहे. शेरा लिहा, नोंद ठेवा.

टप्पा ८: आता झाड काढा

चार रंग पुन्हा घ्या. ‘अ’ दर्जाच्या चिठ्ठीला सलग रेषा, ‘ब’ ला तुटक, ‘क’ ला ठिपक्यांची. ‘ड’ ला रेषा नाही, फक्त समासात टीप. प्रत्येक रेषेवर चिठ्ठीचा क्रमांक.

आपल्या जुन्या कुलवृत्तांतांत मुलींची नावं गाळण्याची रीत होती. ती सवय इथे आणू नका. लिंग (१९३८), आयरिस (‘सीक्रेट सर्व्हिस’, १९४४), फ्रान्सिस (१९४४) यांना मुलग्यांच्याच ओळीत चौकोन द्या. क्रम माहीत नाही म्हणून त्यांना कोपऱ्यात ढकलायचं कारण नाही. चौकोनावर प्रश्नचिन्ह घाला आणि ओळीत ठेवा. ज्यांचं नावच ऐकू आलेलं नाही त्या मुलांसाठी ‘सर्कस’च्या बारातले उरलेले रिकामे चौकोन त्या चित्रपटाच्या रंगात ठेवा. पुढे भेटलेली नावं त्यांत भरण्याचा मोह आवरा.

तक्ता पुरा झाला की सगळ्या चिठ्ठ्या तक्त्याशिवाय दुसऱ्या कुणाला तरी द्या, शक्यतो चित्रपट पाहिलेल्या पण तुमच्याशी या विषयावर न बोललेल्या माणसाला. त्याला त्यांवरून झाड काढू द्या. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे फरक पडेल तिथे तुमच्या बाजूची रेषा कुठल्या क्रमांकाच्या चिठ्ठीवर उभी आहे ते शोधा. क्रमांक सापडला तर दोघांनी ते वाक्य पुन्हा ऐकायचं. नाही सापडला तर रेषा खोडायची.